नदी आटते तेव्हा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, हे आपणांस स्मरत असेल. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण तेव्हा कोरडे पडले होते. पाऊस उणावला, हे खरे. परंतु कारण तेवढेच नव्हे. पावसाळा सरल्यावर भूजलाचे झरे नदीला वाहती ठेवतात. उसासाठी शेकडो फूट खोल विंधनविहिरी घेतल्या, की ते झरेच तुटतात. मग प्रथम आटतो तो गरिबाचा उथळ आड. खोल बोअर ज्यास परवडते, त्यालाच पाणी उरते.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा समान हक्क बजावला. भूगर्भातील पाणी हेही सर्वांचेच तळे होय, असे आम्ही मानतो. म्हणून गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि त्यानुसारच पिके ठरवावीत.