फटफटी व्हॅनमध्ये, विमा कोणाचा?

प्रश्न : आम्ही राळेगावचे. घरी पांढऱ्या पाटीची पाच सीटची ईको आहे. माझी बुलेट, धाकट्या भावाची स्प्लेंडर आणि सासरेबुवांची जुनी राजदूत अशा तीन फटफट्याही आहेत. मोठं काम निघालं की गाडी ईकोत टाकून नागपूरच्या मिस्त्रीकडे नेतो. मागची सीट काढायची, फळी लावायची, गाडी वर ढकलायची. एक जण मागे ती धरून बसतो. आम्ही भाडं मारत नाही. पण कधी शेजारी म्हणतात, "जातच आहा तर आमची बी न्या, पेट्रोलचे पैसे देतो." विमा एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, "आपलीच व्हॅन, आपलीच फटफटी, कोनाले काय करा लागते?" ते खरं आहे का? की कमर्शियल विमा घ्यावा लागेल? आणि राजदूतचा विमा संपलेला आहे, ती अशी नेली तर चालेल का?
(एक वाचक, राळेगाव)

उत्तर : तुमचा एजंट निम्मा खरा आहे. आपल्या व्हॅनमधून आपली फटफटी, कोणाकडून पैसा न घेता नेण्यासाठी पिवळी पाटी लावून घ्यायची गरज नाही, असंच माझं मत आहे. "कोनाले काय करा लागते" हे मात्र खरं नाही. राळेगावहून वडकीला येऊन महामार्ग ४४ धरला, वर्धा नदी ओलांडली आणि हिंगणघाटच्या अलीकडे एखाद्या ट्रकला मागून धडकलात, तर दोन दिवसांनी सर्व्हेअर येईल. व्हॅनचे फोटो काढून झाले की तो विचारेल : आत काय होतं, कोणाचं होतं आणि कशासाठी नेत होता? क्लेमचा निकाल या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर लागतो.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मध्ये 'माल' कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. जिवंत माणसं सोडून वाहनातून नेलेली जवळपास प्रत्येक गोष्ट माल, अगदी गुरंढोरंसुद्धा. पण मोटारकारमधून नेलेलं सामान आणि स्वतःच्या वापरातल्या चीजवस्तू त्यातून वगळल्या आहेत. त्याच कलमातली 'मालवाहू वाहना'ची व्याख्याही वाचून ठेवा. मालासाठीच बांधलेलं वाहन तर त्यात येतंच, पण तसं बांधलेलं नसलेलं वाहनही माल वाहण्यासाठी वापरलं, तर त्या वापरापुरतं मालवाहू ठरतं. म्हणजे तुमची पांढऱ्या पाटीची ईको सकाळी घरची गाडी असते आणि दुपारी शेजाऱ्याची फटफटी पैसे घेऊन नेताना मालवाहू ठरू शकते.

पॉलिसीतही हीच विभागणी आहे, जरा आणखी कडक शब्दांत. खासगी कारच्या पॉलिसीवर 'लिमिटेशन्स ॲज टु यूज' असा एक छोटा परिच्छेद छापलेला असतो. बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो, कारण आपण पहिल्या पानावर नाव, गाडी नंबर आणि तारीख पाहून कागद कपाटात ठेवतो. त्यात लिहिलेलं असतं की गाडी कुठल्याही कारणासाठी वापरा, फक्त भाड्याने किंवा मोबदल्यावर नको, शर्यतीसाठी नको, वाहनांच्या धंद्यासाठी नको आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून इतर माल वाहण्यासाठी नको.

आता तुमची बुलेट 'वैयक्तिक सामान' आहे का? माझ्या मते आहे. ती तुमच्या नावावर आहे, तुमच्या वापरातली आहे आणि तुम्ही ती दुरुस्तीला नेता आहात. विकायला किंवा पोचवायला नेत नाही. पण 'वैयक्तिक सामान' म्हटलं की विमा कंपनीच्या डोळ्यांपुढे बॅग येते. पावणेदोनशे-दोनशे किलोची फटफटी काही त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. इथे वादाला जागा आहे, आणि ती अपघाताआधीच बुजवायला हवी. पॉलिसी नव्याने घ्याल किंवा रिन्यू कराल तेव्हा एजंटाच्या तोंडी होकारावर थांबू नका. विमा कंपनीच्या कार्यालयाला ईमेल करा : "माझ्या नावावरच्या आणि कुटुंबीयांच्या मोटारसायकली दुरुस्तीसाठी, कोणताही मोबदला न घेता, मी या वाहनातून अधूनमधून नेतो. हा वापर पॉलिसीत बसतो का, ते लेखी कळवावं." उत्तर आलं की त्याची प्रत पॉलिसीला जोडून ठेवा. नकार आला तर दुसऱ्या कंपनीकडे जायला तुम्ही मोकळे आहात. क्लेम अडकल्यावर हा एक कागद जितका कामाला येतो, तितका वकिलाचा युक्तिवादही येत नाही.

शेजाऱ्याची फटफटी हा वेगळा मामला. फुकट नेलीत तर ती शेजारधर्मातली मदत. मदत म्हणून ती गोड आहे, पण ती वस्तू 'तुमची वैयक्तिक' राहत नाही, हे ध्यानात ठेवा. पेट्रोलचे पैसे घेतलेत तर 'मोबदला' हा शब्द तुमच्यावर लागू करायला कंपनीला सोपं जातं. रक्कम २०० रुपये होती की २,००० हा मुद्दा नसतो. मी तुमच्या जागी असतो तर शेजाऱ्याला म्हटलं असतं, पैसे नको, नागपूरला चहा तुम्ही पाजा. आणि त्याची गाडी नेणं वारंवारचं झालं असतं तर नाही म्हटलं असतं.

अटीचा भंग झाला म्हणजे सगळंच बुडालं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नितीन खंडेलवाल प्रकरणात आणि २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात हा प्रश्न हाताळला आहे. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्यावर चालवली, आणि पहिल्या प्रकरणात ती चोरीला गेली, तर दुसऱ्यात तिला अपघात झाला. दोन्ही वेळा न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारणं मान्य केलं नाही, 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने काही रक्कम द्यायला लावली, पहिल्या प्रकरणात ७५ टक्के. म्हणजे १ लाखाचं नुकसान असेल तर फार तर ७५ हजार, तेही बहुधा ग्राहक आयोगाची पायरी चढल्यावर. तो आयोग यवतमाळला आहे. तक्रार, तिचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची असते. कंपनीने 'नो क्लेम' असं एका ओळीचं पत्र दिलं तर हात जोडून गप्प बसू नका, इतकंच सांगतो.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. आपल्याकडे फटफटीलाही गाडी म्हणतात आणि व्हॅनलाही गाडीच. त्यामुळे "गाडीचा विमा आहे ना?" याला "आहे" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. पण व्हॅनचा विमा व्हॅनच्या पत्र्याचा असतो, आतल्या फटफटीचा नसतो. दोर सुटला, बुलेट आडवी झाली, टाकीला पोचा आला, हेडलाइट फुटला, तर ईकोच्या पॉलिसीतून एक रुपया मिळणार नाही. थर्ड पार्टीतूनही नाही. लोकांच्या मालमत्तेचं नुकसान त्यात धरलं जातं, पण विमाधारकाची स्वतःची किंवा त्याच्या ताब्यात असलेली मालमत्ता त्यातून वगळलेली असते. शेजाऱ्याची फटफटी तुमच्या व्हॅनमध्ये असेपर्यंत तुमच्याच ताब्यात असते, म्हणून तिचं नुकसानही तुमच्याच खिशातून जाईल.

मग फटफटीची भरपाई कुठून मिळणार? तिच्या स्वतःच्या पॅकेज पॉलिसीतून, म्हणजे आपण जिला 'फर्स्ट पार्टी' म्हणतो तिच्यातून. त्या पॉलिसीत आग, चोरी, पूर, दंगल, अपघात यांच्या यादीत आणखी एक ओळ असते : रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमान यांतून वाहून नेलं जात असताना झालेलं नुकसान. तुमच्या ईकोतून हिंगणघाटकडे जाणारी बुलेट नेमकी या ओळीत बसते. अडचण अशी की पाचेक वर्षांनंतर बहुतेक लोक फटफटीची फर्स्ट पार्टी बंद करून फक्त थर्ड पार्टी ठेवतात. थर्ड पार्टीत ही ओळच नाही. त्यामुळे बुलेटची पॅकेज पॉलिसी चालू आहे की फक्त थर्ड पार्टी, हे आज कपाटातून कागद काढून पाहा. ५ वर्षांहून जुन्या गाडीची विम्याची किंमत ठरलेल्या तक्त्याने लागत नाही, कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. जी बुलेट तुम्ही जिवापाड जपता तिची किंमत एजंटाने हाताला येईल ती टाकली असेल तर ती वाढवून घ्या.

मागे बसून फटफटी धरणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही सहज लिहिलंत. पण मी ते दृश्य पाहिलं आहे. वडकीच्या चौकात एका व्हॅनच्या मागच्या भागात एक पोरगा स्प्लेंडरच्या सीटवर छाती टेकून बसला होता, एक हात हँडलवर, दुसरा व्हॅनच्या छताला. त्या स्प्लेंडरचं वजन ११२ किलो. ब्रेक लागला की ती पुढे येते, आणि तिच्या वाटेत तोच असतो. विम्याच्या अंगानेही त्याची जागा डळमळीत आहे. ईकोची फक्त थर्ड पार्टी असेल तर आत बसलेल्या माणसाला, मालकाचा दोस्त असो की नातेवाईक, तिचं संरक्षण नसतं. पॅकेज पॉलिसीत गाडीत बसलेल्यांचा समावेश होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात मांडलं आहे. पण सीट काढलेल्या जागेत, पट्ट्याविना, फरशीवर बसलेल्या माणसाबद्दल कंपनी काय म्हणेल ते तुम्हीच ओळखा. माणूस पुढच्या सीटवर बसवा. फटफटीला रॅचेट बेल्ट चार लावा, पुढे दोन आणि मागे दोन, सस्पेन्शन थोडं दबेल इतके घट्ट. पुढचं चाक सीटच्या पाठीला टेकू द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, टाकी जवळपास रिकामी ठेवा. बंद व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास कोंडला तर पुढचं सांगायला नको.

सीट काढण्याचंही सांगतो. आरसीवर पाच सीट लिहिलेल्या असतील तर गाडीत पाच सीट असायला हव्यात. कायमस्वरूपी काढायच्या असतील तर ते कलम ५२ खाली बदल करणं होतं, आणि त्यासाठी यवतमाळच्या परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. एका फेरीपुरती काढली तर घरी परतल्यावर लगेच बसवा. स्प्लेंडरची लांबी २ मीटर, बुलेटची त्याहून जास्त. म्हणून अनेक जण मागचा दरवाजा उघडाच ठेवून, चाक बाहेर काढून, दोरीने दरवाजा बांधून नेतात. तसं करू नका. लादलेली वस्तू मान्य मर्यादेपलीकडे बाहेर आली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ (१अ) खाली २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

कमर्शियल विमा घ्यावा का? तुमच्या गरजेला नको. थर्ड पार्टीचे १ जून २०२२ पासून लागू झालेले दर पाहा : ईकोसारख्या १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये, आणि साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये. दोन-चार फेऱ्यांसाठी एवढा भार उचलण्यात अर्थ नाही. उद्या भावाने दुचाकीचं गॅरेज काढलं आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या आणायला-न्यायला लागलात, तर मात्र ईकोचा खासगी विमा पुरणार नाही. तेव्हा एखादा छोटा हत्ती घ्या आणि विमा उतरवताना 'प्रायव्हेट कॅरिअर' हा प्रकार विचारा. भाडं न मारता फक्त स्वतःच्या धंद्याचा माल नेणाऱ्या मालवाहू गाडीसाठी तो आहे, आणि त्याचा थर्ड पार्टी हप्ता भाड्याच्या गाडीपेक्षा बराच कमी असतो. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. लायसनची चिंता नको. साडेसात हजार किलोंच्या आतली मालवाहू गाडी साध्या कारच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं आहे.

राहिली सासरेबुवांची राजदूत. विमा सक्तीचा आहे तो सार्वजनिक जागी वाहन 'वापरण्यासाठी'. व्हॅनमध्ये बेल्टने बांधून निजलेली राजदूत रस्त्यावर वापरली जात नाही, म्हणून ती नेताना तिचा विमा नसल्याने तुम्ही अडचणीत येऊ नये, असं मला वाटतं. वाटेत तिला काही झालं तर भरपाई कुठूनच नाही, एवढी जोखीम मात्र तुमची. शिवाय ती १५ वर्षांपलीकडची असणार, तेव्हा तिच्या नोंदणीचं दर ५ वर्षांचं नूतनीकरण झालं आहे का, तेही बघा. आणि नागपुरात ती मिस्त्रीच्या दारातच उतरवा. गल्लीत व्हॅन शिरत नाही म्हणून कोपऱ्यावर उतरवून, "दोनशे पावलं तर आहेत" म्हणत किक मारलीत, तर त्या क्षणापासून ती विमा नसलेली गाडी रस्त्यावर आली. पहिल्यांदा पकडलं गेलं तर २ हजार रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ढकलत न्या. सासरेबुवा बरोबर असतील तर हँडल त्यांच्या हाती द्या, ढकलायला तुम्ही मागे राहा.