वृत्तपत्रांतील 'कोसळणे'

पावसाळ्यात कोणतेही मराठी दैनिक उघडावे, 'कोसळणे' हे क्रियापद भेटल्यावाचून राहत नाही. पहिल्या पानावर घाटात दरड कोसळलेली असते, जिल्हावार्तेत शाळेची भिंत, बाजारभावांत टोमॅटो, तर राजकीय वृत्तात एखादे मंत्रिमंडळ. बेळगावचा वाचक कन्नड पत्रांत दरड आणि दर या दोहोंसाठी 'कुसित' हा एकच शब्द वाचतो; इंदूरच्या वाचकाला हिंदी पत्रांतून बाजार 'धडाम' झाल्याचे कळते. ही सवय एकट्या मराठीची नव्हे.

शब्दाचा मूळ अर्थ घरादारातला आहे. उंचावरील वा उभी असलेली जड वस्तू एकाएकी खाली येणे म्हणजे कोसळणे. आंबा झाडावरून पडतो, तो कोसळत नाही. कोसळते ते झाड. भार, उंची आणि आकस्मिकता ही या क्रियेची तीन अंगे होत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा आला, तेव्हा ती तिन्ही होती. तेथे दुसरा शब्द शोधण्याचे कारणच नव्हते.

बाजाराच्या वृत्तात मात्र हा शब्द मोजमापाची जागा घेऊ लागतो. २३ मार्च २०२० रोजी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे ३,९३५ अंशांनी उतरला. ४ जून २०२४ रोजी तो सुमारे ४,३९० अंशांनी उतरला. दोन्ही दिवशी बाजार 'कोसळला' असेच म्हटले जाते. अंश पाहिले तर दुसरी घसरण मोठी. परंतु निर्देशांकच त्या चार वर्षांत पुष्कळ वर गेला असल्याने पहिली घसरण शेकडा तेरा, तर दुसरी शेकडा सहाहूनही कमी होती. शब्दाने हा भेद पुसून टाकला.

शेतकऱ्याची अडचण याहून निकटची. समजा, कांदा क्विंटलला २,००० रुपयांवरून १,९०० वर आला, तर भाव उतरला. १,६०० वर आला, तर घसरला. एका आठवड्यात ८०० वर गेला, तरच तो कोसळला म्हणणे शोभेल. आडत्याच्या आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात या पायऱ्या आजही शाबूत आहेत. मथळ्यात त्या राहत नाहीत, आणि शंभर रुपयांच्या उतारालाही 'कोसळला' वाचून घाबरलेला मनुष्य चाळीतला माल घाईने बाजारात नेतो.

शिक्षकांनी व्याकरणाच्या तासाला घ्यावा असा मुद्दा पुढेच आहे. 'कोसळणे' हे अकर्मक क्रियापद आहे. 'पडणे'चे 'पाडणे' होते, 'फुटणे'चे 'फोडणे' होते. 'कोसळणे'ला असा रूढ जोडीदार नाही. म्हणून 'सरकार कोसळले' या कर्तरि प्रयोगात सरकार हाच कर्ता, तर 'विरोधकांनी सरकार पाडले' या कर्मणि प्रयोगात करणारा निराळा उभा राहतो. कर्नाटकात २३ जुलै २०१९ रोजी विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ मतांनी फेटाळला गेला. अशा प्रसंगी सत्ता गेलेला पक्ष 'पाडले' म्हणतो आणि सत्तेवर येऊ पाहणारा 'कोसळले' म्हणतो. बातमीदाराने कोणते रूप उचलले, यावरून त्याचा कल पुष्कळदा कळतो.

राजकारणात हे चालून जाते. इमारतींच्या बाबतीत ते महाग पडते. ४ जानेवारी २०१४ रोजी गोव्यात काणकोण येथे बांधकाम चालू असलेली इमारत जमीनदोस्त होऊन अनेक मजूर दगावले. 'इमारत कोसळली' हे वाक्य खरे आहे, पण त्यात आराखडा करणारा, परवाना देणारा, देखरेख ठेवणारा यांपैकी कोणीही नाही. इमारत जणू आपल्याच इच्छेने खाली आली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पुलाचे वृत्त देतानाही 'पूल कोसळला' म्हटले तर लक्ष पुलाच्या वयाकडे जाते, 'पूल वाहून गेला' म्हटले तर दोष पुराकडे जातो.

घटनेच्या दिवशी बातमीदाराला दोषी ठाऊक नसतो, हे मान्य करावयास हवे. त्या दिवशी 'कोसळली' हेच प्रामाणिक क्रियापद होय. चौकशीचा अहवाल आल्यावरही तेच वाक्य पुन्हा छापले जाते, तेव्हा वाचकाने 'कोणी बांधली होती?' असे विचारावे, आणि वर्गात फळ्यावर मथळा लिहून हाच प्रश्न मुलांकडूनही विचारून घ्यावा.