कारला बाइकचं इंजिन : हायाबुसा बरोबर, कारण चूक!

आपल्या हॉस्टेलवर 'कारमध्ये बाइकचं इंजिन टाकायचं' हा विषय निघाला, की पहिलं नाव हायाबुसाचंच येतं. का? तर पॉवर! मीही याच पार्टीतला होतो. मग आमच्या टीमच्या फॉर्म्युला कारचं इंजिन गोल चकरा मारताना सीझ झालं, आणि बीएचपीचा आकडा सोडून बाकी गोष्टी वाचायची अक्कल आली. तीच इथे मांडतोय.

आधी गाडी कुठली ते ठरवू. आपल्याकडे घरी बनवलेली कार पासिंगला नेऊन रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य. हा उद्योग मुख्यतः ब्रिटनमधला. कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये लोटस सेव्हन आणली : पाइपांची चौकट, दोन सीट, बाकी काही नाही. तिच्या धर्तीवरची किट्स तिथले लोक गॅरेजमध्ये जोडतात, सरकारी तपासणीतून पास करून घेतात आणि रोज चालवतात. 1996 मध्ये रॉन चॅम्पियनने अडीचशे पौंडात स्पोर्ट्स कार बनवण्याचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून तर हा नाद फारच वाढला. गाडीचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. तिच्यात दोन लिटरचं ओतीव लोखंडी कार-इंजिन गिअरबॉक्ससकट दीडशे किलोच्या पुढे जातं. बाइकचं इंजिन सत्तर ते नव्वद किलोत, तेही सहा गिअरच्या सिक्वेन्शियल बॉक्ससकट. मोह पडणारच.

आता गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही. सुरुवातीच्या काळातली यामाहा आर-वन घेऊ : 998 सीसी, सुमारे 150 बीएचपी. तिचं प्रायमरी रिडक्शन 1.581, पहिला गिअर 2.5, सहावा 1.115. कारमध्ये चेन-स्प्रॉकेट जातं, त्याजागी प्रोपेलर शाफ्ट आणि मागे डिफरन्शियल येतं. फोर्ड सिएराचं 3.62 चं डिफरन्शियल या गाड्यांत सर्रास दिसतं. म्हणजे सहाव्या गिअरला एकूण रेशो 1.581 × 1.115 × 3.62 = 6.38. तेरा इंची चाक एका फेरीत साधारण 1.7 मीटर जातं. मग ताशी 100 किमीला चाक 980 आरपीएमने फिरतं आणि इंजिन? जवळजवळ 6250! बाइकवर त्याच वेगाला चार हजारांच्या आसपास असतं. उघड्या गाडीत, इंजिन गुडघ्यापुढे, दोन तास हे ऐकायचं. ट्रॅकवर मजा आहे, रस्त्यावर डोकं उठतं.

मग 3.14 चं डिफरन्शियल लावा ना! लावा. 100 ला 5400 वर येईल. पण पहिल्या गिअरचा रेशो 14.3 वरून 12.4 वर उतरला. बाइकच्या क्लचची सवय दोनशे किलो बाइक आणि एक स्वार उचलण्याची. इथे दोन माणसांसकट सहाशे किलो आहेत. चढावर, ट्रॅफिकमध्ये, दर वेळी क्लच घसरवत गाडी काढावी लागेल. प्लेटा जळल्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

इथे टॉर्क कामाला येतो. आर-वनचा सुमारे 108 न्यूटन-मीटर, होंडा ब्लॅकबर्डचा 124 च्या आसपास, पहिल्या हायाबुसाचा 138. टॉर्क जास्त म्हणजे मोठ्या दमाचं डिफरन्शियल पेलतं, म्हणजे तोच वेग कमी आरपीएमला मिळतो. मोठं इंजिन घ्यायचं ते पळण्यासाठी नव्हे, शांत चालण्यासाठी. हायाबुसावाल्यांचं उत्तर बरोबर होतं, स्टेप्स चुकीच्या. सर असते तर अर्धे मार्क कापले असते.

आता ऑइल. आमचं इंजिन ज्यामुळे गेलं ते हेच. बाइक वळणावर कलते. त्यामुळे गुरुत्व आणि वळणाचा जोर मिळून जे बल येतं, ते बाइकच्या उभ्या रेषेतच राहतं. तांब्याला दोरी बांधून गरगर फिरवला तरी पाणी सांडत नाही, तसं. ऑइल चेंबरच्या तळाशी, पंपाच्या गाळणीजवळच असतं. कार कलत नाही. चांगल्या टायरवर एक जी चं वळण घेतलं, की ऑइलचा पृष्ठभाग 45 अंशांनी तिरका होतो. गाळणी उघडी पडते, पंप हवा ओढतो, आणि दहा हजार आरपीएमला बेअरिंगला दोन सेकंद पुरतात. आम्ही मूळचाच चेंबर ठेवला होता. ऑइलचा दिवा लुकलुकला, ड्रायव्हरला वाटलं वायरिंग लूज आहे. मी पण रेडिओवरून तेच सांगितलं.

उपाय म्हणजे चेंबरमध्ये झडपांचे आडपडदे बसवणं, किंवा सरळ ड्राय संप. चेंबर उथळ आणि रुंद करावाच लागतो, नाहीतर स्पीडब्रेकरला घासेल. हा खर्च इंजिनाच्या किमतीतच धरा. आधी चेंबर, मग पहिला स्टार्ट.

इंजिन फिरवून बसवायचं, हेही लक्षात ठेवा. बहुतेक मोठ्या बाइकांचं स्प्रॉकेट डावीकडे असतं. ती बाजू कारच्या मागे केली, की शाफ्ट मागून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो, कारला हवा तसाच. ज्या बाइकचं स्प्रॉकेट उजवीकडे, ती बाजू मागे केली तर सहा रिव्हर्स गिअर मिळतील! बाकी खरा रिव्हर्स नसतोच. शाफ्टमध्ये वेगळा रिव्हर्स बॉक्स घाला किंवा इलेक्ट्रिक मोटर लावा. होंडा गोल्डविंगने 1988 मध्ये स्टार्टर मोटरवर रिव्हर्स दिला होता, तीच युक्ती.

मग घ्यायचं कोणतं? फक्त ट्रॅक असेल तर आर-वन, हलकं म्हणून. रस्त्यासाठी माझं मत ब्लॅकबर्डला. 1137 सीसी, दोन बॅलन्सर शाफ्ट असल्याने चौकटीला थरथर कमी, आणि 1999 पासून फ्युएल इंजेक्शन. उत्पादन 2007 मध्ये थांबलं, म्हणून मिळेल ते जुनंच. विकत घेताना वायरिंग हार्नेस, ईसीयू आणि किल्लीसकट सगळं एकाच बाइकचं मागा. अपघातातल्या बाइकचं असेल तर चेंबर उघडून तळाला चमकणारी भुकटी आहे का, हे बोटाने बघा. आमच्या चेंबरमधली बाटलीत भरून वर्कशॉपच्या कपाटात ठेवली आहे. कोणाला बघायची असेल तर चावी माझ्याकडे आहे.