पावतीपुस्तक इथे चालत नाही

(पाठ आधी एकदा सलग वाचा. अडलेले शब्द शेवटी दिले आहेत.)

दुबई मेट्रोच्या हिरव्या मार्गावर ऊद मेथा हे स्टेशन आहे. या भागात भारतीयांच्या ओळखीच्या बऱ्याच जागा आहेत. 1961 साली सुरू झालेलं इंडियन हायस्कूल इथलंच आणि 1964 साली स्थापन झालेला इंडिया क्लबही इथलाच. शाळेच्या शेख राशिद सभागृहात तुमच्यापैकी काही जणांनी मराठी नाटकही पाहिलं असेल.

याच भागातल्या एका क्लबात एक मुलगी बॅडमिंटन खेळते. दादरहून आलेले तिचे आजोबा एका शनिवारी तिच्याबरोबर निघाले.

"आजोबा, कोर्टचं भाडं वाढलंय. बाबा म्हणतात, आता आठवड्यातून एकदाच खेळ."

"का गं वाढलं?"

"पूलचा चिलर बिघडलाय. नवीन घ्यायचाय म्हणे."

"चिलर? पोहायचं पाणी गार करायला?"

"मग! जुलैत पाणी चहासारखं होतं."

आजोबा हसले. "अगं, एवढंच ना? पावतीपुस्तक छापायचं, चार पोरं बरोबर घ्यायची आणि दारोदार फिरायचं. आमच्या मंडळाचं छप्पर आम्ही असंच केलं."

"आजोबा, इथे नाही हं तसं करता येत!"

नात बरोबर बोलली. दुबईत परवानगीशिवाय वर्गणी किंवा देणगी गोळा करता येत नाही. 2015 साली तसा आदेशच निघाला. चांगल्या कामासाठी पैसे हवे असले, तरी आधी सरकारी खात्याची मंजुरी लागते. लोकांच्या पैशाचं पुढे काय होतं, यावर लक्ष राहावं म्हणून हा नियम आहे. आजोबांना मात्र हे पटायला जरा वेळ लागला. वर्गणीवर वाढलेल्या माणसाला तो लागणारच!

मग असा क्लब चालतो कसा? त्यात सरकारचा वाटा मोठा आहे. शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांच्या काळात ऊद मेथामध्ये बाहेरून आलेल्या लोकांच्या संस्थांना जागा मिळाल्या. 1967 साली उघडलेलं सेंट मेरीज चर्च अशाच दिलेल्या जमिनीवर उभं राहिलं. आज दुबईतल्या सामाजिक क्लबांना परवाना देणं आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणं, ही कामं सरकारचं सामुदायिक विकास प्राधिकरण करतं.

पण जमीन मिळाली म्हणून विजेचं बिल भरलं जात नाही. ते दर महिन्याला येतं आणि उन्हाळ्यात चांगलंच फुगतं. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दोन माणसं खेळोत की वीस, एसी चालूच ठेवावा लागतो. हे पैसे सभासदांची फी, कोर्टांचं आणि हॉलचं भाडं, उपाहारगृह यांतूनच यायला हवेत. ना-नफा संस्था म्हणजे पैसे न कमावणारी संस्था, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तिनेही कमवायचं असतं. फक्त उरलेले पैसे कोणी घरी न्यायचे नसतात. ते परत संस्थेतच घालायचे. त्यातला थोडा भाग दरवर्षी दुरुस्ती निधीत टाकला, तर चिलर बिघडल्यावर एकदम भाडं वाढवायची वेळ येत नाही. (हे सांगायला सोपं. फी कमी ठेवली की सभासद खूश होतात, आणि मग निधीचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात!)

जवळच्याच झबील पार्कची गोष्ट वेगळी. ते दुबई महापालिकेचं आहे. तिकीट 5 दिरहम, नोल कार्ड लावायचं आणि आत जायचं. बागेचा खर्च तेवढ्यावर भागला नाही, तरी महापालिका तो सांभाळते. क्लबच्या मागे अशी तिजोरी नसते.

आजोबांच्या मुंबईतही क्लबसारख्या जागा आहेत. मरीन ड्राइव्हवर ओळीने जिमखाने दिसतात. त्यांतला हिंदू जिमखाना 1894 सालचा. खाली जमीन सरकारची, ती भाडेपट्ट्यावर घेतलेली. वरचा कारभार सभासदांचा. भाडेपट्टा संपला की प्रश्न येतोच: नवं भाडं किती? आणि जमीन सगळ्यांची, तर मैदान फक्त सभासदांनीच का वापरायचं?

दुसरा प्रश्न ऊद मेथातही विचारता येतो. दुपारी कोर्टं रिकामी असतात. तेव्हा शाळेच्या मुलांना कमी भाड्यात खेळू दिलं, तर थोडे पैसे येतील आणि मुलंही खेळतील. एसी तर चालूच असतो! मला ही कल्पना आवडते. पण वर्षाची फी भरणारा सभासद म्हणेल, "मग मी फी कशाला भरतो?" त्याचंही चूक नाही.

क्लबच्या दाराशी एक सूचना लावली होती. आजोबांनी चष्मा काढून ती वाचली.

"वार्षिक सभा आहे की! खर्चाचा हिशोब तिथेच मांडतात. बाबा जातात का गं सभेला?"

"नाही. ते म्हणतात, तिथे नुसती भांडणं होतात."

"भाडं वाढवायचं तिथेच ठरलं असेल ना?"

नात काहीच बोलली नाही. तिने फोन काढून सूचनेचा फोटो घेतला आणि बाबांना पाठवला.

शब्दार्थ
वर्गणी – एखाद्या कामासाठी अनेकांनी मिळून दिलेले पैसे
पावतीपुस्तक – वर्गणी मिळाल्याची पावती फाडून देण्याचं पुस्तक
ना-नफा संस्था – फायदा कोणी वाटून घेत नाही अशी संस्था
भाडेपट्टा – ठरावीक वर्षांसाठी जमीन भाड्याने घेण्याचा लेखी करार
देखरेख – लक्ष ठेवणं

बोला आणि लिहा
1. आजोबांनी कोणता उपाय सुचवला? तो दुबईत का चालत नाही?
2. झबील पार्क आणि क्लब यांच्या खर्चात काय फरक आहे?
3. दुपारी कोर्टं शाळेच्या मुलांना द्यावीत का? तुम्ही सभासद आहात असं समजून सभेत बोला. मग शाळेतलं मूल होऊन उत्तर द्या.
4. तुमच्या घरी कोणी कधी वर्गणी गोळा केली होती का? आजी-आजोबांना विचारा आणि पाच वाक्यं लिहा.