जवळची थेरपिस्ट शोधताना

डॉक्टरांनी कागदावर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असं लिहून दिलं आणि तू रात्रभर मोबाइलवर तेच वाचत बसलीस, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. ते वाचणं आधी बंद कर बघू. त्यातलं बरंचसं ‘अशा माणसापासून सुटका कशी करून घ्यायची’ याबद्दल असतं. लिहिणाऱ्यांना तू ठाऊक नाहीस. मला तू लहानपणापासून ठाऊक आहेस, आणि हेच निदान माझ्याही फायलीवर आहे. घरात हे फार कुणाला माहीत नाही. आज तुला सांगते.

यातून माणसं सावरतात गं. बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमधल्या मेरी झनारिनी यांनी अशा २९० रुग्णांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटून नोंदी ठेवल्या. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली होती. मात्र कामधंदा आणि जवळची नाती या दोन्ही आघाड्यांवर नीट सावरलेले निम्मेच होते. मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. रागाचे, रडण्याचे झटके कमी होत जातात, पण नोकरीत टिकायचं कसं, माणसं धरून ठेवायची कशी, हे शिकावं लागतं. त्यासाठी थेरपी.

गोळ्या हे शिकवत नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ सालीच सांगून ठेवलंय की या आजारासाठी म्हणून औषधं वापरू नयेत. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्यासाठी द्यावीत. म्हणून तुझ्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि नुसत्या गोळ्यांवर थांबायचंही नाही. साताऱ्यातले तुझे मानसोपचारतज्ज्ञ गर्दीत पाच मिनिटं देत असतील तर त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना सरळ म्हण, ‘सर, थेरपीसाठी कुणाकडे जाऊ, नाव द्या.’ हा प्रश्न विचारायचा तुला हक्क आहे.

नाव मिळालं की ती व्यक्ती कोण आहे ते बघ. समुपदेशक अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावतं, महिनाभराचा ऑनलाइन कोर्स करूनसुद्धा. परीक्षेची भीती, घरातले ताणतणाव यासाठी चांगले समुपदेशक खूप उपयोगी पडतात, पण व्यक्तिमत्त्व विकारासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोध. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि नोंदणी क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. क्रमांक विचारल्यावर ज्यांना अपमान वाटतो, त्यांच्याकडे जाऊ नकोस.

पण नोंदणी असली म्हणजे झालं, असंही नाही. या आजाराच्या थेरपीचं वेगळं शिक्षण लागतं. डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीबद्दल तू वाचलंच असशील. ती सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या मार्शा लिनेहान यांनी बसवली, १९९३ साली त्यांचं पुस्तक आलं. पुढे २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या, स्वतःला जखमा करून घेत होत्या. मला हे कळलं तेव्हा मी खूप रडले, आणि मग बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. डीबीटीत आठवड्याला एक वैयक्तिक सेशन असतं, शिवाय एक वर्गासारखा गट, जिथे भावनेचा कडेलोट होताना काय करायचं, न भांडता ‘नाही’ कसं म्हणायचं, हे शिकवतात आणि घरी करायला अभ्यासही देतात. स्कीमा थेरपी आहे, मेंटलायझेशनवर आधारलेली थेरपी आहे. त्यांचाही उपयोग होतो. तू पद्धतीच्या नावावर अडून बसू नकोस. ‘यातलं काय शिकला आहात, आणि माझ्यासारख्या लोकांबरोबर वर्ष-वर्ष काम केलंय का?’ एवढं विचार.

आता जवळ की लांब, हा तुझा खरा पेच. डीबीटीचं पूर्ण शिक्षण घेतलेली माणसं आपल्याकडे अजून कमी, आणि आहेत ती बहुतेक मुंबई-पुण्यात. दर आठवड्याला साताऱ्याहून पुण्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि दोन महिन्यांनी तू दमून सोडशील. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लांबच्या नामवंतापेक्षा, जिच्याकडे तू दर आठवड्याला न चुकता पोचू शकशील ती बरी, फक्त तिला या आजाराची भीती वाटत नसावी आणि शिकायची तयारी हवी. साताऱ्यात कुणीच जमलं नाही तर पुण्याची थेरपिस्ट ऑनलाइन घे, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जा, आणि औषधांसाठी गावातले डॉक्टर ठेव. दोघांना एकमेकांशी बोलायची लेखी परवानगी दे. ऑनलाइनसाठी दार लावून घेता येईल अशी खोली मात्र हवी. मावशी स्वयंपाकघरात आणि काका बाहेर टीव्हीसमोर असताना तू काय मोकळी बोलणार? मैत्रिणीची खोली तासभर माग.

आणि मराठीत बोलणारी शोध. डीबीटीचे तक्ते बहुतेक इंग्रजीत असतात, ते ती समजावून देईल. पण रडू मराठीत आलं पाहिजे.

फी जपून विचारू नकोस, सरळ विचार. खासगीत एका सेशनला हजाराच्या वर सहज जातात. सवलत मिळेल का, चुकलेल्या सेशनचे पैसे लागतात का, हे पहिल्याच फोनवर बोलून घे. सरकारी बाजूही बघ. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात ससूनच्या आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे. तुला तिथे जाता येणार नसेल तरी साताऱ्याकडचं कोण माहीत आहे, एवढं विचारायला फोन कर.

आणखी एक गोष्ट, जी तुला कुणी सांगणार नाही. हा आजार थेरपीच्या खोलीतही तुझ्याबरोबर येतो. पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये वाटेल, हिच्यासारखं मला आजवर कुणी समजूनच घेतलं नाही. मग ती एकदा रजेवर जाईल, किंवा तू आलीस तेव्हा घड्याळाकडे बघेल, आणि तुझ्या पोटात खड्डा पडेल. रात्री लांबलचक मेसेज लिहावासा वाटेल. दुसऱ्या दिवशी दुसरी थेरपिस्ट शोधावीशी वाटेल. थांब. त्या वेळी सोडायचं नाही. माझी थेरपिस्ट मे महिन्यात गावी गेली तेव्हा मला अगदी असंच झालं होतं. ती आल्यावर मी तिला म्हटलं, ‘तुम्ही गेलात तेव्हा मला तुमचा तिरस्कार वाटला.’ ती रागावली नाही, घाबरलीही नाही. तिने वही पुढे ओढली आणि म्हणाली, ‘त्या दिवसापासून सांगा, काय काय झालं.’ माझी खरी थेरपी त्या दिवशी सुरू झाली. चांगली थेरपिस्ट ओळखायची माझी खूण हीच. तिच्यावरचा राग तिच्याच समोर ठेवता येतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला तुझी खुर्ची तिथे असते.

म्हणूनच दोन सेशनच्या मध्ये फोन करता येतो का, किती वाजेपर्यंत, हे आधीच ठरवून घे. नियम कडक वाटले तरी चालेल, ते रोज बदलणारे नसावेत.

मात्र काही ठिकाणांहून निघून यायचंच. ‘तू नाटकी आहेस, लोकांना खेळवतेस’ असं म्हणणारी. चार सेशनमध्ये बरं करून देतो म्हणणारा. बाहेर कॉफीला भेटू म्हणणारा, अंगाला हात लावणारा. दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी सांगणारी. ती तुझ्याही सांगेल. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला लावणारी. आणि तुझं बोलणं मावशीच्या कानावर घालणारी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कुणाच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळी त्याला अपवाद आहे, आणि तो थेरपिस्टने पहिल्याच भेटीत सांगायला हवा.

मावशी गाणगापूरला न्यायचं म्हणेल. तिचाही जीव तुटतो, भांडू नकोस. दत्ताच्या दर्शनाला जरूर जा, पण अंगातलं काढणाऱ्यापुढे बसायचं नाही, आणि त्यासाठी सेशन चुकवायचं नाही.

थेरपिस्ट मिळेपर्यंतच्या रात्री अवघड असतात, मला माहीत आहे. मरून जावं असं वाटलं तर मला फोन कर, कितीही वाजता. मी उचलला नाही तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लाव. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करून घेतलंच असशील, तर फोनवर वेळ न घालवता काकांना उठव आणि सरळ दवाखाना गाठा. पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात. त्याच २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरतात. तिला शिक्षा करायची नाही, तिच्यावर उपचार करायचे. हे काकांना मी सांगेन, तू सांगायची गरज नाही.

पहिल्या भेटीला आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या, थायरॉइडचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची नावं घेऊन जा. निदान एकाच भेटीत झालं असेल तर ते पुन्हा नीट तपासा, असंही म्हण. बायपोलर आणि हा आजार यांची सरमिसळ होते. पैशांचं मावशीकडे बोलायला जड जात असेल तर पहिल्या तीन महिन्यांची फी मी भरते, परत करायची नाही. आज रात्री मला नावांची यादी पाठव. उद्या दुपारी त्यातल्या दोघींना फोन करू. बोलायचं तू, मी लाइनवर असेन.