गठ्ठे सोड

नांदुरा, जि. बुलडाणा
आश्विन

चि. बाळ,


तुझं पुस्तक आणि पत्र, दोन्ही पोचलं. पुस्तक दोन रात्रींत वाचून काढलं आणि आता पहिल्या गोष्टीपासून पुन्हा, सावकाश वाचतो आहे. विहिरीची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडली. पाणी लागलं म्हणून नारळ फोडायला जमलेली माणसं, पहिल्याच घोटाला कळलेला खारटपणा, आणि आजोबांनी काही न बोलता बादली पालथी करणं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात माझं आयुष्य गेलं. तू लिहिलेला तो घोट मी प्यायलो आहे.

पत्राचा निम्मा भाग मात्र गोष्टींबद्दल नाही, फेसबुक आणि इन्स्टाग्रामबद्दल आहे. प्रकाशक म्हणतात, रोज काहीतरी टाका, रील करा, पुस्तक हातात धरून फोटो काढा. तुला ते जमत नाही, लाज वाटते. ‘आपलीच टिमकी आपण वाजवू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना मामा?’ असं तू विचारलंस. हो, मीच शिकवलं. त्यामुळे उत्तर देणंही माझ्याकडेच येतं. आठ दिवस विचार करून लिहितो आहे.

तू जी. ए. कुलकर्णींचा दाखला दिलास. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत हा माणूस सभा-संमेलनांपासून लांब राहिला. ‘काजळमाया’च्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा साहित्य अकादमीचा पुरस्कारसुद्धा त्यांनी परत करून टाकला. हे सगळं खरं आहे. पण याच जी. एं.नी आयुष्यभर पत्रं लिहिली, लेखकांना, मित्रांना, न पाहिलेल्या माणसांना. त्यांच्या मागे निवडक पत्रांचेच चार खंड निघाले. गर्दी त्यांना सोसत नव्हती. समोरच्या एका माणसाशी मात्र ते भरभरून बोलत होते. आणि त्यांची कथा लोकांपर्यंत न्यायला ‘सत्यकथा’सारखं मासिक होतं, तिची वाट पाहणारे वाचक होते. जी. ए. घरात बसले तरी कथा घरात बसून राहिली नाही.

मला सांगायचं ते इथेच आहे. ज्यांच्या मौनाचं आपण कौतुक करतो, त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी बोलत होतं.

केशवसुतांनी कधी फोटो काढून घेतला नाही. आज त्यांचा एकही फोटो आपल्याकडे नाही. १९०५ साली ते गेले तेव्हा त्यांचा कवितासंग्रहही निघालेला नव्हता. तो पुढे हरिभाऊ आपट्यांनी काढला. आणि आपल्याच रेल्वेमार्गावर, भुसावळच्या पुढे जळगाव, त्याच्याजवळ आसोदे. तिथली बहिणाबाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ती रचायची आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ ते उतरवून घ्यायचे. १९५१ साली ती गेली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरी आईची वही पुढे करायला त्यांना संकोच वाटत होता, कारण आपल्या घरचंच आपण कसं वाखाणायचं! शेवटी त्यांनी ती अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. सोपानदेवांचा तो संकोच आणखी थोडा टिकला असता, तर मराठी भाषा केवढ्याला मुकली असती याचा विचार करून पाहा. तुझ्या पत्रातला संकोच वाचताना मला सारखी ती वही दिसत होती.

आता आपल्या जिल्ह्यातलंच बघ. मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे. पुण्या-मुंबईच्या वर्तुळात त्यांनी कधी घर केलं नाही. त्यांची ‘शीळ’ गो. ना. जोशींनी गायली, १९३०च्या दशकात तिची तबकडी निघाली आणि ग्रामोफोन असेल त्या घरात ती वाजू लागली. त्या नावाचा संग्रह यायला १९५४ उजाडलं. म्हणजे कवी मेहकरात आणि आवाज महाराष्ट्रभर, अशी वीसेक वर्षं गेली. साहित्य अकादमीचा पुरस्कार तर १९८६ साली, ‘खूणगाठी’ला. त्यांच्या शांतपणाबद्दल लोक आदराने बोलतात, मीही बोलतो. पण त्या शांतपणामागे एक गाणारा गळा होता, हे विसरून चालणार नाही.

अरुण कोलटकरांची गोष्ट तुला अधिक जवळची वाटेल. जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले कलादिग्दर्शक. दुसऱ्याची वस्तू लोकांच्या नजरेत कशी भरवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल? स्वतःच्या कवितेसाठी मात्र त्यांनी ती विद्या वापरली नाही. १९७७च्या मराठी संग्रहानंतर पुढची पुस्तकं यायला पाव शतक गेलं. पण त्यांच्यामागे प्रास प्रकाशनाचे अशोक शहाणे होते, कविता हातात घेऊन उभे.

तुझ्यासाठी कोण उभं आहे? राग मानू नकोस, हिशोब मांडतो आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. वर्तमानपत्रांतली पुस्तकांची पानं आक्रसली. तुझे प्रकाशक भले आहेत, पण ते एकटे आहेत आणि त्यांच्याकडे महिन्याला नवी पुस्तकं येतात. त्यामुळे पूर्वी संपादक, समीक्षक, गायक जे काम करायचे, त्यातलं थोडं तुझ्या वाट्याला आलं आहे. ते हलकं काम आहे असं मला आता वाटत नाही. कापूस वेचून झाला की तो गाडीत भरून जिनिंगपर्यंत न्यावा लागतो. भाव येईल म्हणून घरात भरून ठेवला, तर त्यात किडे होतात आणि लेकरांच्या अंगाला खाज सुटते. हे तू लहानपणी आजोळी पाहिलं आहेस.

‘आता वाटत नाही’ असं का लिहिलं, तेही सांगतो. हे मी आजवर तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

१९९८ साली माझं पुस्तक निघालं. या भागातल्या बायांकडून ऐकलेल्या पाण्याच्या गोष्टी: कोण किती कोस चालत जायची, कोणत्या विहिरीचं पाणी डाळ शिजवतं आणि कोणत्याचं नाही. पाचशे प्रती. प्रकाशकाने शंभर ठेवल्या आणि बाकीच्या माझ्या घरी आणून टाकल्या. मी साठ-सत्तर वाटल्या. पुढे कुणाला सांगितलं नाही. शाळेत पुस्तक नेलं नाही, ग्रंथालयात दिलं नाही. शिक्षकाने आपलं पुस्तक विकत फिरणं मला कमीपणाचं वाटलं. बाकीचे गठ्ठे पत्र्याच्या पेटीत आणि पेटीत न मावलेले मागच्या खोलीत जमिनीवर. त्या पुस्तकातली सगळ्यांत चांगली गोष्ट शेजारच्या बुढीमायची होती. ती एकदा ओसरीवर येऊन म्हणाली, ‘बापू, माह्यं बोलनं छापलं म्हन्तेत तुह्या पुस्तकात. मले वाचून दाखव ना एक डाव.’ मी म्हटलं, दाखवतो. सवडीने बसू. मग दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही आणि मी उठून गेलो नाही, कारण आपण होऊन आपलं पुस्तक वाचून दाखवणं म्हणजे मिरवणं, असं डोक्यात बसलं होतं. दोन पावसाळ्यांनी ती गेली. जमिनीवरच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली.

ती गोष्ट माझी नव्हती, तिची होती. माझ्या गप्प राहण्याला मी नम्रपणा समजत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. कुणी नाही म्हणेल, कुणी हसेल, कुणी उघडून बाजूला ठेवेल. तुझ्या संकोचातही हे किती आहे, ते तूच एकदा तपासून बघ. माझा अंदाज आहे, निम्म्याहून जास्त.

उरलेला संकोच मात्र खरा आहे आणि तो सोडू नकोस. प्रकाशकांनी सुचवलं आहे की आजीच्या डायलिसिसच्या दिवसांतले फोटो टाक, लोक हळवे होतात. हे करायचं नाही. ती माझी आई होती. तिच्याबद्दल तू जे लिहिलंस ते पुस्तकात आहे, वाचणारा तिथे येऊन वाचेल. पुस्तकाबद्दल बोलणं वेगळं आणि घरातलं दुःख दारात मांडणं वेगळं. प्रकाशकांना हे स्वच्छ शब्दांत कळव, आणि त्याच पत्रात तू काय करशील तेही कळव, म्हणजे त्यांनाही आधार वाटेल.

काय करायचं, तर मला सुचतं ते असं. आठवड्यातून एक दिवस ठरव. त्या दिवशी स्वतःबद्दल नको, पुस्तकातल्या गोष्टीबद्दल बोल. खाऱ्या विहिरीचा फोटो टाक आणि तिथे काय झालं ते चार ओळींत सांग. चेहरा दाखवायचा नसेल तर नको दाखवू, आवाज पुरे. तुझ्या आवाजात दोन मिनिटं वऱ्हाडी ऐकली की पुण्यात राहणाऱ्या इकडच्या पोरांना गाव आठवेल. कुणी दोन ओळी लिहून पाठवल्या तर त्याला नावाने उत्तर दे, जी. ए. देत तसं. सकाळची वेळ लिहिण्याची आहे, तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत. आणि रात्री किती जणांनी अंगठा वर केला ते मोजत बसू नकोस. महामार्गावरून जाणारा माणूस आपल्या १०५ फुटी मारुतीपाशी थांबतो, फोटो काढतो आणि निघून जातो. त्यातले फार थोडे गावात वळतात. गावात वळणाऱ्यांची काळजी कर.

फोनबाहेरही खूप आहे. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं हजारांनी आहेत, आणि आपल्याकडच्या ‘ड’ वर्गातल्या छोट्या ग्रंथालयात एका प्रतीला दहा-दहा वाचक मिळतात. सदानंद देशमुखांनी ‘बारोमास’ आपल्याच जिल्ह्यात राहून लिहिली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमी मिळाली. आमच्याकडच्या ग्रंथालयात मी वाचली त्या प्रतीची पानं कडेला काळी झाली होती. तशी प्रत तुझ्या पुस्तकाची व्हावी, एवढंच मागतो.

आणि ज्यांच्याकडून गोष्टी ऐकल्यास, त्यांच्याकडे आधी जा. विहीर खोदणारे ते दोघे भाऊ अजून आहेत. थोरल्याला आता दिसत नाही, ऐकू मात्र चांगलं येतं.

दिवाळी झाली की ये. येताना वीस प्रती आण, ओझं वाटलं तर स्टेशनवर मी येईन. माझ्या पेटीतल्या प्रती काल बाहेर काढल्या, बावन्न चांगल्या निघाल्या. त्यातली एक बुढीमायच्या नातसुनेला द्यायची आहे, तिच्याकडे आपण दोघं जाऊ. वाचून तू दाखव, माझा आवाज तिथे टिकायचा नाही.

तुझा,
मामा