टाचेतील रक्ताचा थेंब

काही तान्ही मुले फार शांत असतात. ती रडत नाहीत, पुष्कळ झोपतात, दूधही त्यांना उठवून पाजावे लागते. घरातील वडील माणसे कौतुकाने म्हणतात, ‘किती गुणी बाळ!’ बहुधा ते खरेही असते. परंतु क्वचित ही शांतता गुणाची नसून रोगाची असते. गळ्यातील अवटू ग्रंथी, जिला थायरॉइड म्हणतात, ती जन्मतःच नसली किंवा नीट काम करीत नसली म्हणजे असे होते. भारतात सुमारे हजार-अकराशे नवजात बालकांत एकास हा दोष आढळतो. त्यावरील औषध म्हणजे एक लहानशी, स्वस्त गोळी. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतरांसारखेच वाढते व शिकते. फार उशीर झाला तर बुद्धीची झालेली हानी भरून येत नाही.

हा दोष बहुधा आनुवंशिक नसतो. दुसरे काही मात्र आईबापांकडून येतात. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात जे रूपांतर होते, ते विकरे घडवून आणतात. एखादे विकर नसले की अन्नातील एखादा घटक साचून विषासमान होतो. 1934 साली नॉर्वेतील एका मातेने, आपल्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीला विचित्र वास का येतो, हा प्रश्न धरून ठेवला. डॉक्टर फ्यॉलिंग यांनी त्या लघवीची परीक्षा केली आणि फिनाइलकीटोन्यूरिया हा विकार जगास कळला. पुढे 1960 नंतर अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी तो आरंभीच ओळखण्याची सोपी रीत रूढ केली.

ती रीत अशी: बाळाने दोन दिवस दूध प्याल्यावर त्याच्या टाचेस बारीक टोचून रक्ताचे काही थेंब जाड टिपकागदावर घ्यावयाचे, ते वाळवावयाचे आणि कागद पाकिटात घालून प्रयोगशाळेकडे धाडावयाचा. दूध पोटात गेल्यावाचून काही दोष उघडकीस येत नाहीत, म्हणून दोन दिवस थांबावयाचे. वाळलेला कागद टपालानेही जातो. आपल्या जोयडा तालुक्यासारख्या, गावे रानात दूर दूर पसरलेल्या मुलखास ही केवढी सोय!

आपल्या राज्यात बंगळुरू येथे 1980 साली असे काम सुरू झाले व सव्वा लाख बालके तपासली गेली. शेजारच्या गोव्यात सरकारने 2008 साली ही योजना हाती घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यांतील बहुतेक आनुवंशिक विकारांत आई व बाप दोघेही निरोगी दिसतात. दोघांकडूनही दोष आला तरच मूल आजारी होते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास तो विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. नात्यात लग्ने होतात तेथे ही गाठ अधिक पडते. तेव्हा सारा बोल सुनेस लावणे हे अज्ञान आहे, अन्यायही आहे.

ही परीक्षा म्हणजे केवळ चाळणी होय. दवाखान्यातून पुन्हा बोलावणे आले म्हणजे रोग ठरला असे नव्हे; पण जाण्यास एक दिवसही लावू नये.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी वा शेजारी पाळणा बांधला जाईल, तेव्हा बारशाच्या तयारीआधी एवढे विचारा: ‘बाळाच्या टाचेचे रक्त तपासले का?’